अर्धस्वयंचलित पिस्तुलाचा भरवसा कशावर ठरतो आणि तो मोजायचा कसा?

धागाकर्ता : तळकोकण

वडिलांच्या पश्चात रीतसर परवाना होऊन माझ्या नावावर आलेले .३२ बोअरचे एक पिस्तूल माझ्याकडे आहे. बाग गावापासून दूर असल्यामुळे वडिलांनी ते घेतले होते, आणि सुदैवाने त्याचा उपयोग करण्याची वेळ त्यांच्यावर किंवा माझ्यावर कधीही आली नाही. निवडणुकीच्या काळात नियमाप्रमाणे ते पोलीस ठाण्यात जमा केले होते. परत मिळाल्यावर परवानगी असलेल्या रेंजवर सरावासाठी नेले, तेव्हा पहिल्याच मॅगझिनमधले (काडतुसे भरायच्या खोक्यातले) तिसरे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोलीत, चढले नाही आणि स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग, अर्ध्यावर अडकून राहिली. मॅगझिन काढून पाहिले, तर वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेमागे गेलेली दिसली.

त्या दिवसापासून मी या विषयाचा शक्य तेवढा अभ्यास करत आहे. पहिला प्रश्न असा पडला की ‘हे पिस्तूल भरवशाचे आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणतो? रिव्हॉल्व्हरमध्ये पुढचे काडतूस नळीसमोर आणण्याचे काम आपले बोट चाप ओढून किंवा अंगठा घोडा मागे खेचून करतो. अर्धस्वयंचलित पिस्तुलात ते काम आधीच्या गोळीची ताकद करते. त्या एका धक्क्यावर स्लाइड मागे जाते, एक्स्ट्रॅक्टरची नखी झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी चेंबरमधून ओढते, इजेक्टर ती बाहेर फेकतो, ठोका देणारा घोडा किंवा स्ट्रायकर पुन्हा चढतो, आणि स्प्रिंगच्या जोरावर परत येणारी स्लाइड मॅगझिनमधले नवे काडतूस उचलून आत ढकलते. हे सगळे डोळ्याची पापणी लवण्याच्या आत घडावे लागते. याचा अर्थ असा की या यंत्रात काडतूस ही केवळ झाडण्याची वस्तू नसून ते यंत्राचे इंधनही आहे, आणि इंधन कमीजास्त झाले की यंत्र अडते.

.३२ एसीपी हे काडतूस जॉन ब्राउनिंग यांच्या पिस्तुलाबरोबर १८९९ मध्ये आले. त्याच्या बुडाची कड पुंगळीच्या अंगापेक्षा किंचित बाहेर आलेली असते. ९ मिमी पॅराबेलमच्या काडतुसाची कड अंगाबरोबर सपाट असते, त्यामुळे एकाची कड दुसऱ्याच्या कडेत अडकण्याचा प्रश्नच तेथे येत नाही. आपल्याकडे ९ मिमी हे प्रतिबंधित बोअर असल्याने सर्वसामान्य परवानाधारकाला .३२ वरच थांबावे लागते, आणि म्हणून हा दोष आपल्यासाठी पुस्तकी राहत नाही. जाणकारांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती.

प्रतिसाद : चांदमारी

तळकोकण, आपण लक्षण अचूक सांगितले आहे. मी पोलीस दलाच्या शस्त्रविभागात आर्मोरर (शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा) म्हणून बरीच वर्षे काम केले असून आता निवृत्त आहे. कडेत कड अडकणे हा प्रकार .३२ मध्ये जुना आहे. मॅगझिन भरताना प्रत्येक काडतूस आधीच्या काडतुसाच्या कडेपुढे बसते आहे ना, हे नजरेने पाहावे, आणि भरलेले मॅगझिन आपटू नये. आखूड लांबीची काडतुसे, विशेषतः पोकळ नाकाची, वापरली की मॅगझिनमध्ये पुढेमागे सरकायला मोकळी जागा राहते आणि हा दोष वाढतो. ज्या लांबीच्या गोल नाकाच्या काडतुसासाठी पिस्तूल बनले आहे, तेच वापरणे हा यावरचा सर्वांत साधा उपाय आहे.

अडलेले पिस्तूल समोर आले की मी पहिला संशय मॅगझिनवर घेत असे, दुसरा काडतुसावर, आणि पिस्तुलावर सर्वांत शेवटी. नवख्या माणसाचा क्रम नेमका याच्या उलट असतो. मॅगझिनचे वरचे ओठ केसभर वाकले असतील, तर काडतुसाचे नाक चुकीच्या कोनात उचलले जाते. स्प्रिंग थकली असेल, तर स्लाइड परत येईपर्यंत काडतूस वर आलेलेच नसते. म्हणून प्रत्येक मॅगझिनवर रंगाने क्रमांक घालावा आणि कोणत्या क्रमांकावर अडथळा आला ते वहीत लिहावे. तीन अडथळे एकाच क्रमांकावर आले, तर पिस्तूल उघडण्याचीही गरज नसते.

अमेरिकी सैन्याचा इराकमधला अनुभव या संदर्भात बोलका आहे. बेरेटाच्या एम९ पिस्तुलासाठी एका पुरवठादाराकडून घेतलेल्या मॅगझिनवर खरखरीत फॉस्फेटचा थर होता. त्या थराला तिथली पिठासारखी बारीक वाळू चिकटून बसे आणि आतली पट्टी वर सरकत नसे. सैनिकांनी दोष पिस्तुलाला दिला. पुढे गुळगुळीत लेप दिलेली मॅगझिने आली आणि तक्रार बरीच निवळली.

आता कोकणासाठी दोन शब्द. दमट हवेत पितळ कळकते, आणि काडतुसे चामड्याच्या पट्ट्यात किंवा म्यानात ठेवली, तर चामडे कमावण्याच्या रसायनांमुळे पुंगळीवर हिरवा थर लवकर चढतो. असे काडतूस चेंबरमध्ये पूर्ण बसत नाही, किंवा बसले तर निघत नाही. पिस्तूल म्यानात ठेवून कपाट बंद करणे ही सवय सोडावी. तेलाचेही तसेच आहे. जास्त तेल म्हणजे जास्त काळजी, हा समज चुकीचा आहे. तेल ओघळून काडतुसाच्या प्रायमरपर्यंत (ठोका बसताच पेटणाऱ्या बुडातल्या भागापर्यंत) पोहोचले, तर काडतूस मरते, म्हणजे सुटत नाही, आणि काही महिने पडून राहिलेल्या तेलाचा धुळीबरोबर चिकट लगदा होतो. घर्षणाच्या जागी पातळ थर पुरतो आणि चेंबर कोरडेच असावे.

प्रतिसाद : पांढराशुभ्र_कागद

मी नेमबाजी या खेळाच्या बाजूने लिहिते. २५ मीटर पिस्तूल प्रकारात आम्ही .२२ लाँग रायफल काडतूस वापरतो. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले आणि त्यानंतर आमच्या रेंजवर मुलींची संख्या पुष्कळ वाढली. त्या मुलींना मी पहिल्या आठवड्यातच सांगते की .२२ हे काडतूस स्वभावाने हट्टी आहे. त्याचा प्रायमर मध्यभागी वेगळा बसवलेला नसतो. पेटणारे मिश्रण ओले असतानाच पुंगळी गरगर फिरवून ते बुडाच्या पोकळ कडेत पसरवलेले असते. ते कडेच्या एखाद्या भागात नीट पोहोचले नाही आणि पिनचा ठोका नेमका तिथेच बसला, तर गोळी सुटत नाही. शिवाय शिशाच्या गोळीवर मेणासारखे वंगण असते, त्याचा आणि जळलेल्या दारूचा थर चेंबरच्या तोंडाशी साचत जातो. सकाळी उत्तम चाललेले पिस्तूल दुपारी अडखळू लागते, ते यामुळे.

आमच्या स्पर्धेच्या जलद टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद समोर येते आणि सात सेकंद दूर राहते, आणि प्रत्येक वेळी एकच गोळी झाडायची असते. त्यात पिस्तूल अडले तर काय, याचे आंतरराष्ट्रीय नियम मला फार विचारपूर्वक केलेले वाटतात. पिस्तूल लक्ष्याच्या दिशेने धरून ठेवून मोकळा हात वर करायचा आणि रेंज अधिकाऱ्याला बोलवायचे. स्वतः खटपट करायची नाही. चाप ओढूनही काडतूस सुटले नाही, पुंगळी बाहेर पडली नाही किंवा चापाची यंत्रणा बिघडली, तर तो मान्य अडथळा ठरतो आणि खेळाडूला पुन्हा संधी मिळते. मॅगझिन नीट बसवलेले नसेल, सेफ्टी काढलेली नसेल किंवा खेळाडूने आपणहून यंत्रणेला हात लावला असेल, तर तो अमान्य ठरतो. यंत्राचा दोष आणि माणसाचा दोष यांच्यात रेघ ओढावी लागते हे या नियमांनी ओळखले आहे, आणि माझ्या अनुभवात नवोदितांचे निम्म्याहून अधिक अडथळे या रेघेच्या माणसाकडच्या बाजूला पडतात. मनगट सैल राहिले की स्लाइडबरोबर सगळी मूठच मागे जाते, स्लाइडला पुरेसा प्रवास मिळत नाही आणि पुंगळी अर्धवट बाहेर येऊन अडकते. तेच पिस्तूल प्रशिक्षकाच्या हातात दिवसभर विनातक्रार चालते.

प्रतिसाद : डोंगरवाट

या सर्व चर्चेचा सरळ निष्कर्ष असा निघतो की स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्व्हरच घ्यावे. एक काडतूस मेले तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचे काडतूस समोर हजर असते. वर्षातून दोनदा शस्त्र हातात घेणाऱ्या माणसाला याहून अधिक काय हवे?

प्रतिसाद : चांदमारी

डोंगरवाट, मेलेल्या काडतुसापुरते आपले म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. घरात क्वचित हाताळल्या जाणाऱ्या शस्त्रासाठी मीही अनेकांना रिव्हॉल्व्हरच सुचवले आहे. मात्र रिव्हॉल्व्हर अडतच नाही, हे मी मान्य करणार नाही. पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली न जळलेल्या दारूचे चार कण अडकले, तर काडतुसे धरणारे चक्र बंद होत नाही किंवा फिरत नाही. पुंगळीत सैल बसलेली गोळी धक्क्याने पुढे सरकली, तर ती चक्राबाहेर डोकावून चक्र जागीच जखडते. पिस्तुलाचे बहुतेक अडथळे सरावलेला हात दोन-तीन सेकंदांत दूर करतो, पण जखडलेले चक्र बहुधा हत्यारे घेऊनच सोडवावे लागते. रिव्हॉल्व्हर कमी वेळा अडते आणि अडले की पुरते अडते, असे मी माझ्या अनुभवावरून म्हणेन.

प्रतिसाद : नमुनापाहणी

मी संख्याशास्त्र शिकवतो. शस्त्रांचे मला विशेष ज्ञान नाही, परंतु धाग्याच्या शीर्षकातला ‘मोजायचा कसा’ हा प्रश्न माझ्या विषयाचा आहे.

समजा, तुम्ही १०० गोळ्या झाडल्या आणि एकदाही अडथळा आला नाही. यावरून ‘माझे पिस्तूल अडत नाही’ असे म्हणता येईल का? संख्याशास्त्रात ‘तीनचा नियम’ म्हणून एक सोपे सूत्र आहे. n वेळा प्रयोग करून एकही अपयश आले नाही, तर अपयशाचे खरे प्रमाण ३ भागिले n पेक्षा कमी आहे, असे सुमारे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते, त्याहून जास्त काही म्हणता येत नाही. म्हणजे १०० निर्दोष गोळ्यांनंतरही ते पिस्तूल सरासरी ३३ गोळ्यांमागे एकदा अडणारे असू शकते. ५० गोळ्याच झाडल्या असतील, तर १७ मागे एकदा.

आता याच सूत्राने एक प्रसिद्ध चाचणी पाहू. मार्च १९११ मध्ये अमेरिकी सैन्याने कोल्ट आणि सॅव्हेज या दोन कंपन्यांच्या .४५ पिस्तुलांची परीक्षा घेतली. प्रत्येक पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडायच्या, दर १०० गोळ्यांनंतर पाच मिनिटे थांबायचे आणि दर १,००० नंतर सफाई व तेलपाणी करायचे, अशी पद्धत होती. सॅव्हेजमध्ये ३७ अडथळे व मोडतोडी नोंदल्या गेल्या, तर ब्राउनिंग यांनी रचलेल्या कोल्टमध्ये एकही नाही. २९ मार्च १९११ रोजी ते पिस्तूल एम१९११ या नावाने स्वीकारले गेले. तीनचा नियम लावला, तर ६,००० निर्दोष गोळ्यांवरून ‘सरासरी २,००० गोळ्यांमागे एकाहून अधिक अडथळा नाही’ एवढेच सिद्ध होते. दोन दिवस चाललेल्या त्या चाचणीतूनही इतकेच हाती लागते, हे सांगितले की माझे विद्यार्थी नेहमी चकित होतात.

ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८० च्या दशकाच्या आरंभी नव्या पिस्तुलासाठी ज्या अटी घातल्या, त्यांत पहिल्या १०,००० गोळ्यांत २० पेक्षा जास्त अडथळे चालणार नाहीत, अशी अट होती. ती पुरी करून ग्लॉक १७ निवडले गेले. २० भागिले १०,००० म्हणजे ५०० गोळ्यांमागे एक. ही अट लिहिणाऱ्यांचा प्रामाणिकपणा मला आवडतो. शून्याची मागणी न करता मोजता येईल असा आकडा त्यांनी मागितला.

एक इशाराही द्यायला हवा. हे सूत्र प्रत्येक गोळीला स्वतंत्र घटना मानते. वर पांढराशुभ्र_कागद यांनी लिहिल्याप्रमाणे मळ साचत जातो, म्हणजे पाचशेव्या गोळीच्या वेळी ते पिस्तूल पहिल्या गोळीच्या वेळचे उरलेले नसते. आणि एका पिस्तुलाचा निकाल त्याच नमुन्याच्या दुसऱ्या पिस्तुलाला जसाच्या तसा लागू होत नाही.

प्रतिसाद : ओहायोहून

नमुनापाहणी यांच्या आकडेवारीला मी इथली अलीकडची जोड देतो. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी सैन्याने एम९ च्या जागी सिग सॉअरच्या पी३२० वर आधारलेले पिस्तूल निवडले. मोठे ते एक्सएम१७ आणि आटोपशीर ते एक्सएम१८. सैन्याची अपेक्षा दोन अडथळ्यांमध्ये सरासरी २,००० गोळ्या, अशी होती. वरच्या हिशेबातलाच आकडा पुन्हा आला, हा योगायोग आहे. संरक्षण विभागाच्या चाचणी व मूल्यमापन संचालकांच्या जानेवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने मात्र वेगळेच चित्र दाखवले. सैनिकांच्या हाती धातूचे पूर्ण आवरण असलेल्या साध्या गोळ्यांनी एक्सएम१७ सरासरी ३४३ गोळ्यांमागे आणि एक्सएम१८ सरासरी १९७ गोळ्यांमागे अडत होते.

खरी उद्बोधक गोष्ट त्या पुढची आहे. एक्सएम१७ चे सुमारे ६० टक्के आणि एक्सएम१८ चे ७५ टक्के अडथळे एकाच प्रकारचे होते : शेवटची गोळी झाडल्यावर स्लाइड मागे अडकून राहायला हवी, ती राहत नव्हती. कारण शोधले, तर अनेक सैनिकांना उंच पकड शिकवलेली होती आणि त्या पकडीत अंगठा नेमका स्लाइड अडवणाऱ्या खटक्यावर टेकत होता. एवढा एक प्रकार वगळून हिशेब केला, तेव्हा आकडे ७०८ आणि ९५० वर गेले. म्हणजे त्या अडथळ्यांचे मूळ पोलादात नव्हते, खटक्याची जागा आणि अंगठ्याची सवय यांच्या गाठीत होते. माझ्या मते यात दोष रचनाकाराचाच मानावा. माणसाची मूठ बदलणार नाही, खटका दोन मिलिमीटर सरकवता येतो.

याच घराण्याच्या पिस्तुलाने भरवशाची दुसरी बाजूही समोर आणली. २०१७ च्या ऑगस्टमध्ये असे उघड झाले की नागरी विक्रीचे पी३२० विशिष्ट कोनात, मागचा भाग खाली येईल असे पडले, तर चाप न ओढताही गोळी सुटू शकते. चापाचे वजन जडत्वामुळे मागे जात होते, हे त्यामागचे कारण. कंपनीने हलका चाप आणि इतर सुधारणा विनामूल्य बसवून देण्याची योजना काढली. हवी तेव्हा गोळी सुटणे याला आपण भरवसा म्हणतो, पण नको तेव्हा ती न सुटणे हाही तितकाच भरवसा आहे, आणि घरात मुले असलेल्या माणसाने दुसऱ्याला पहिल्याच्या आधी मान द्यावा.

प्रतिसाद : चांदमारी

ओहायोहून यांनी मांडलेल्या दुसऱ्या बाजूला आणखी एक जोड द्यायला हवी : अडल्यावर शस्त्र आपल्यालाच इजा करते का? १९८७ पासून एम९ च्या काही स्लाइड मधोमध तडकल्या आणि मागचा तुकडा नेम धरणाऱ्याच्या तोंडावर उडाला. अमेरिकी नौदलाच्या ‘सील’ या विशेष पथकाचे सैनिक त्यात जखमी झाले. बेरेटाने पुढे घोड्याच्या पिनचे डोके मोठे करून स्लाइडमध्ये खाच ठेवली, जेणेकरून स्लाइड तुटलीच, तरी तुकडा मागे निसटणार नाही. बेरेटाचे आजचे ९२एफएस पिस्तूल ते हेच. भाग तुटणार हे गृहीत धरून तो तुटल्यावर माणूस वाचावा, अशी ही सुधारणा आहे आणि मला ती या क्षेत्रातल्या उत्तम कामांपैकी एक वाटते.

नवीन परवानाधारकांसाठी दोन गोष्टी कळकळीने लिहितो. चाप ओढला आणि गोळी सुटली नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबावे, कारण क्वचित काडतूस उशिरा पेटते. आणि गोळी सुटल्याचा आवाज नेहमीपेक्षा दबका आला, धक्का जाणवला नाही, तर पुढची गोळी मुळीच झाडू नये. गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यावर दुसरी झाडली, तर नळी फुटते. पिस्तूल रिकामे करून परवानाधारक शस्त्रदुरुस्तीकाराकडे न्यावे.

प्रतिसाद : तळकोकण

सर्वांचे मनापासून आभार. आपले प्रतिसाद वाचून मी गेल्या तीन आठवड्यांत जे केले, ते येथे नोंदवतो.

दोन्ही मॅगझिनवर क्रमांक घातले. वडिलांच्या वेळची म्यानातली सात काडतुसे बाहेर काढली, तर चारांवर हिरवट थर होता. ती सरावातही न वापरता रीतसर परत देण्याची व्यवस्था केली. शस्त्रदुरुस्तीकाराने सांगितले की पहिल्या मॅगझिनची स्प्रिंग थकलेली आहे आणि एक ओठ किंचित आत वळला आहे. नव्या काडतुसांनी, दुसऱ्या मॅगझिनमधून, कडा नीट पाहून भरून ४० गोळ्या झाडल्या आणि एकही अडथळा आला नाही.

नमुनापाहणी सर, आपले सूत्र लावले, तर ४० निर्दोष गोळ्यांचा अर्थ ‘१३ मागे एकाहून कमी’ एवढाच होतो. परवान्यावर वर्षाला किती काडतुसे घेता येतील याची मर्यादा लिहिलेली असते, त्यामुळे ६,००० गोळ्यांची परीक्षा मला जन्मभरात घेता येणार नाही. पोलीस दल किंवा सैन्य आकड्यांवर विसंबू शकते, माझ्यासारख्याला कारणांवरच विसंबावे लागेल. अडथळा का आला हे कळले आणि ते कारण डोळ्यांदेखत दूर झाले, तर ४० गोळ्यांचेही वजन थोडे वाढते, असे मला वाटते. यात काही चूक असेल, तर सांगावे.

प्रतिसाद : नमुनापाहणी

चूक नाही. कारण माहीत असणे ही स्वतंत्र माहिती आहे आणि माझ्या सूत्रात तिला जागाच नाही. फक्त एक करावे : पुढच्या वर्षीच्या गोळ्या याच वहीत, याच मॅगझिनच्या क्रमांकापुढे लिहाव्यात, म्हणजे ४० मध्ये भर पडत जाईल. स्प्रिंग बदलली, तर मात्र मोजणी पुन्हा एकपासून सुरू करावी.

प्रतिसाद : तळकोकण

वहीत तशी रेघ आखून ठेवली आहे. पहिल्या मॅगझिनची नवी स्प्रिंग आली की त्याचे पान कोरे सुरू करीन.